पाच किलोपर्यंत

हर्नियाचं ऑपरेशन मिरजेला झालं. आमच्याकडं दुखणं मोठं झालं की मिरज, हे ठरलेलं, डॉ. वॉन्लेस यांचा मिशन दवाखाना 1894 साली तिथं उभा राहिला, तेव्हापासून ही वाट मळलेली आहे. पोटात जाळी बसवून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "दीड-दोन महिने पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही." मी शहाण्यासारखी मान हलवली. पाच किलो म्हणजे किती, ते वस्तीवर आल्यावर कळलं.

पलूस तालुक्यात आमचा दोन एकर ऊस, दहा गुंठे हळद, दोन म्हशी आणि उगीच फिरणाऱ्या कोंबड्या. कोंबड्या सोडल्या तर इथं पाच किलोच्या आत काही बसत नाही. भरली बादली दहा किलोच्या पुढं. शेणाच्या पाटीचं नावच नको. पाच लिटर दुधाची किटली तरी चालेल म्हटलं, तर दूध पाण्यापेक्षा जड, लिटरला एक किलो तीस ग्रॅमच्या आसपास. वर किटलीचं वजन. गेली तीही. युरियाचं पोतं 2018 मध्ये 50 किलोवरून 45 वर आलं खरं, पण ते काही माझ्या टाक्यांकडं बघून नाही. शेवटी सगळ्या रानात मला झेपेल अशी एकच चीज सापडली, नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली. ती मी दिवसातून दोनदा या फळीवरून त्या फळीवर ठेवतो.

बाकी वेळ लिंबाखाली बाजेवर. शेजारी उशी. ही उशी डोक्याला नाही, पोटाला. शिंक किंवा ठसका येणार असं वाटलं की पोटावर गच्च दाबून धरायची. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी बाजेच्या तोंडाला. सकाळी आठाला मिरचीची फोडणी पडली की आतून आधी आवाज येतो, "अवं, उशी धरा!" आणि मग चर्रर्र.

भेटायला येणारे मोसंबी आणतात आणि स्वतःच्या ऑपरेशनची गोष्ट सांगून जातात. आईनं वांगं बंद केलंय. का, ते विचारायचं नाही.

रिकामपणी हळदीचा ताणकाटा काढून लिंबाच्या फांदीला अडकवला आणि दिसेल ते मोजायला लागलो. भोपळा, साडेतीन. मांजर, जमलं नाही. तेवढ्यात ही हत्तीगवताचा भारा घेऊन बांधावरून आली. म्हटलं, थांब. कपाळावर आठी घालून थांबली. पोरानं आणि तिनं मिळून भारा हुकाला लावला. काटा एकतिसावर थरथरत राहिला.

"एकतीस," मी म्हणालो.

"मग? म्हशीला सांगू व्हय?"

सकाळी एक, संध्याकाळी एक. लग्नाला बावीस वर्षं झाली. गुणाकार मी केला नाही. धाकट्याच्या पाठीवर तिचं टाक्याचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा डॉक्टरांनी तिलाही काही सांगितलंच असणार. काय सांगितलं, किती दिवस, मला काही आठवत नाही. उसाला पाणी द्यायची पाळी चुकली होती, तेवढं मात्र आठवतं.

तोवर लाईट आली. थ्री फेज म्हटल्यावर पोरगं मोटर चालू करायला पळालं. भारा फांदीला लोंबत, खाली आम्ही दोघं. आता तो डोक्यावर चढवणार कोण? मी उशी घेऊन उभा.

तिनं चुंबळ नीट केली, वाकून भाऱ्याखाली शिरली आणि हळूच टाचा उचलल्या. हुक सैल झाला.

"काढा आता. त्याला काय वजन न्हाई."

मी हुक काढला. काटा शून्यावर गेला तोवर ती गोठ्याच्या दारात पोचली होती.