आधी घराच्या भिंती पाहाव्यात, मग ओएनटी आणि राउटर ठरवावा

फायबरची नवी जोडणी घेताना ग्राहक आधी वेग विचारतात, मग महिन्याचे भाडे विचारतात. घरात कोणता डबा (फायबरची तार जिथे संपते तो ओएनटी आणि वायफाय देणारा राउटर) बसणार आणि तो कुठे बसणार, हे मात्र फार थोडे जण विचारतात. खानापूर तालुक्यातील गावांत आणि बेळगाव शहराच्या काही भागांत जोडण्या देण्याचे काम मी करतो, आणि तक्रारींचा मोठा वाटा बाहेरच्या तारेचा नसून घरातल्या डब्याचा असतो, हे मला सतत दिसते. प्लॅन 200 एमबीपीएसचा असतो, ओएनटीपर्यंत तेवढा वेग नीट पोहोचलेलाही असतो, आणि तरीही आतल्या खोलीत मुलाचा ऑनलाइन वर्ग अडखळत असतो.

आमच्याकडच्या जुन्या घरांत सोपा, माजघर आणि स्वयंपाकघर एकामागे एक असतात आणि त्यांच्यामध्ये मातीच्या किंवा जांभ्या दगडाच्या जाड भिंती असतात. तार समोरून येते, म्हणून डबाही सोप्यातच बसवला जातो. 5 गिगाहर्ट्झची लहर अशा दोन भिंती ओलांडताना जवळजवळ संपते, 2.4 गिगाहर्ट्झची लहर पलीकडे पोहोचते, पण वेग फार कमी उरतो. "सोप्यात येतंय की ओ, मग आत का न्हाई?" असे एका मावशींनी मला विचारले होते, आणि त्याचे उत्तर चार अँटेनांचा मोठा डबा हे नव्हते. ओएनटी सोप्यातच ठेवून, कौलांखालून वाश्याच्या कडेने लॅनची केबल माजघरात नेली आणि राउटर तिथे भिंतीवर उंच टांगला, तेव्हा स्वयंपाकघरापर्यंत वायफाय मिळू लागले. अशी केबल नेताना आतली तार पूर्ण तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण ती लवकर तुटते आणि मग दोष शोधण्यात दिवस जातो. शहापूर आणि वडगावच्या चिकटून असलेल्या घरांत अडचण वेगळी असते. तिथे शेजाऱ्यांचे राउटर इतके जवळ असतात की 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे 1, 6 आणि 11 हे तीनही चॅनेल भरलेले आढळतात, त्यामुळे तिथे दोन्ही बँड देणारे यंत्र घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

म्हणूनच, दोन खोल्यांचे घर सोडले तर, ओएनटी आणि राउटर वेगळे असावेत, असे माझे ठाम मत आहे. ओएनटीचे मूळ काम प्रकाशाचे विजेच्या संकेतात आणि संकेताचे प्रकाशात रूपांतर करण्याचे आहे. त्याला ब्रिज मोडमध्ये, म्हणजे फक्त संकेत पुढे पाठवण्याच्या कामावर, ठेवून इंटरनेटचे लॉगिन राउटरवर घेतले की दोघांची कामे वेगळी होतात. वायफायचे नवे मानक आले तर फक्त राउटर बदलावा लागतो, आणि पावसाळ्यात ओएनटी जळाला तर राउटर वाचू शकतो. दोन ॲडॅप्टर लागतात, ही अडचण खरी आहे, आणि घरात फक्त वयस्कर माणसे राहत असतील तर मी स्वतःच दोन्ही बँड असलेला एकत्रित ओएनटी सुचवतो.

खोक्यावरचे आकडे नीट वाचावेत. 1200 असे लिहिलेल्या राउटरमध्ये साधारणपणे 2.4 गिगाहर्ट्झचे 300 आणि 5 गिगाहर्ट्झचे 867 यांची बेरीज केलेली असते. एका फोनला ती सगळी कधीच मिळत नाही, आणि लिहिलेल्या जोडवेगापेक्षा प्रत्यक्ष वेग बराच कमी असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पोर्ट पाहावेत. अनेक स्वस्त राउटरांचे पोर्ट 100 एमबीपीएसचेच असतात, आणि अशा यंत्राला 200 चा प्लॅन जोडला तर अर्धे पैसे दर महिन्याला वाया जातात.

ओएनटी बाजारातून परस्पर विकत घेण्याआधी आपल्या ऑपरेटरला विचारणे आवश्यक आहे. जीपॉन आणि ईपॉन या एकच फायबर अनेक घरांत वाटण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत: जीपॉनमध्ये ग्राहकाकडे येणारा वेग सेकंदाला 2.488 गिगाबिट असतो आणि तो एका स्प्लिटरमागच्या (प्रकाश वाटून देणाऱ्या जोडामागच्या) सगळ्या घरांत वाटला जातो, तर ईपॉनमध्ये तो 1.25 गिगाबिट असतो. एक्सपॉन म्हणून विकले जाणारे डबे दोन्हींवर चालतात. मात्र ऑपरेटरने आपल्या ओएलटीवर, म्हणजे त्याच्याकडच्या मुख्य यंत्रावर, नोंद केल्याशिवाय बहुतेक ठिकाणी कोणताही डबा सुरू होत नाही. मानक एकच असले तरी एका कंपनीच्या ओएलटीवर दुसऱ्या कंपनीच्या ओएनटीच्या काही सोयी चालत नाहीत, हाही अनुभव नेहमीचा आहे.

डबा बसवल्यावर ओएनटीपर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाची पातळी विचारून लिहून ठेवावी; ती डीबीएममध्ये मोजतात, आणि आकडा जितका जास्त उणे, तितका प्रकाश क्षीण. जीपॉनच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या वर्गात ओएनटीची मर्यादा उणे 27 डीबीएम असते. उणे 18 ते उणे 23 असेल तर मी निर्धास्त असतो, आणि उणे 26 दिसले तर जोडणी चालू असली तरी ग्राहकाची सही घेत नाही. कपाट भिंतीला सरकवताना मागे चेपलेली पॅच कॉर्ड (ओएनटीला जोडणारी छोटी फायबर तार) किंवा निळ्या टोकाला जोडलेले हिरवे टोक, एवढ्यानेही पातळी घसरते. हिरव्या टोकाचे तोंड 8 अंशांनी तिरके घासलेले असते, त्यामुळे ते सपाट टोकाला नीट टेकत नाही.

जांबोटी आणि कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा 12 व्होल्टचा छोटा यूपीएस उपयोगी पडतो. मात्र ओएनटी आणि राउटर दोन्ही 12 व्होल्टचेच आहेत ना, हे ॲडॅप्टरवर वाचून घ्यावे, कारण काही राउटर 9 व्होल्टवर चालतात. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, परंतु बाहेरून घरापर्यंत येणाऱ्या ड्रॉप केबलला आधार देणाऱ्या पोलादी तारेतून ती वाहते. म्हणून ती तार घराबाहेरच्या हुकाला बांधून तिथेच तोडावी आणि आत फक्त फायबर न्यावे. गडगडाट सुरू झाला की दोन्ही ॲडॅप्टर प्लगमधून काढावेत, कारण डबे जळतात ते बहुतेक वेळा घरातल्या विजेच्या वाटेने.