एका काळ्या गोटीनं प्रवेश अडतो का?

फ्रीमेसन ही एक जुनी बंधुसंघटना, आणि लॉज म्हणजे तिची स्थानिक शाखा. नवा सदस्य घ्यायचा की नाही, हे तिथे गोट्या टाकून गुप्त मतदानानं ठरतं, आणि काळी गोटी म्हणजे नकार. लॉजबद्दल विचारणारे बहुतेक जण शेवटी याच प्रश्नावर येतात. तुम्हीही विचारलंत, तर उत्तर असं: ते लॉज कुणाच्या नियमांखाली चालतं, त्यावर आहे. 1723 साली जेम्स अँडरसन यांनी लिहिलेल्या फ्रीमेसनांच्या नियमावलीनुसार हजर असलेल्या सगळ्या सदस्यांची संमती लागायची. एकमताचा आग्रह जड जाऊ लागला, तेव्हा 1738च्या आवृत्तीत ही अट सैल झाली. आज युनायटेड ग्रँड लॉज ऑफ इंग्लंड या इंग्लंडमधल्या मुख्य संस्थेच्या लॉजमध्ये तीन काळ्या गोट्या पडल्या की अर्ज फेटाळतात, पण पोटनियम करून हा आकडा दोनवर किंवा एकवरही आणता येतो. अमेरिकेत काही राज्यांत अजून एकच पुरते.

मतदान मात्र शेवटी येतं. त्याआधी सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या होतात आणि नाव सभेत मांडलं जातं. अमेरिकेत सहसा तिघांची समिती अर्जदाराला भेटून चौकशी करते. मगच पुढच्या नियमित सभेत मतदानाची पेटी निघते. गोट्या पडतात तो खण रिकामा आहे ना, हे लॉजचे पदाधिकारी, म्हणजे ज्युनिअर वॉर्डन, सीनिअर वॉर्डन आणि प्रमुख असलेले मास्टर, पाहून घेतात. हे पाहणं कधीही टाळू नये, कारण आधीच्या मतदानातली एखादी गोटी कोपऱ्यात अडकलेली असू शकते. पांढरी गोटी होकाराची, काळी नकाराची. सदस्य एकेक करून मत टाकतात, आणि हात कुठे वळला हे शेजाऱ्याला दिसता कामा नये. दिवे मंद असतात, पांढऱ्या गोट्या वापरून मळतात, त्यामुळे घोटाळा होतो. म्हणून काही लॉज काळ्या गोटीऐवजी चौकोनी ठोकळा ठेवतात, तो बोटांना न बघताही कळतो. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी एकच काळं मत निघालं, तर चुकून पडलं असेल म्हणून मास्टर लगेच पुन्हा मतदान घेतात. इंग्लिश पद्धतीत तीन-चार उमेदवारांचं मतदान एकत्रही होतं, आणि काळी गोटी दिसली तर प्रत्येकाचं वेगळं घेतात.

काळी कुणी टाकली, हे विचारायचं नाही आणि आपण होऊन सांगायचंही नाही.

या गुप्ततेत धोका आहेच. नकाराचं कारण द्यावं लागत नसेल, तर माणसाचा वंशही कारण ठरू शकतो. माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईच्या युरोपियन लॉजनं घेतलं नाही, त्यांना पॅरिसमध्ये दीक्षा घेऊन फ्रीमेसन व्हावं लागलं. 1843 साली डॉ. जेम्स बर्न्स यांनी भारतीयांसाठी स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या सनदेखाली, म्हणजे परवानगीनं, ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत काढलं, तेव्हा ही कोंडी फुटली.

तरीही गुप्त मतदान हवंच, असं मला ठामपणे वाटतं. ज्याच्याबरोबर वर्षानुवर्षं एका सभेत बसायचं, त्याला नको म्हणणं तोंडावर जमत नाही. पण ज्याला उमेदवाराबद्दल खरंच काही माहीत आहे, त्यानं पेटीपर्यंत थांबू नये. चौकशी चालू असतानाच सेक्रेटरीला किंवा सूचकाला खासगीत सांगावं. तेव्हा अर्ज निमूटपणे मागे घेता येतो, आणि भरसभेत नकाराचा शिक्का कुणावर बसत नाही.