गरम झाली की बंद, गार झाली की चालू

ओंकारेश्वरहून परतताना जुनी अ‍ॅम्बॅसिडर भेरूघाटात बंद पडते. बॉनेट उघडून अर्धा तास उभी ठेवली की एका सेल्फमध्ये सुरू होते आणि इंदूरच्या गॅरेजात दोन दिवस एकदाही अडत नाही. मग प्लग बदलतात, कार्बोरेटर धुतात, पुढच्या घाटात पुन्हा तेच. हा दोष गाडी नीट चालत असताना सापडतच नाही. ती बंद पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटं महत्त्वाची. डिकीत १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), एक जादा रोटर (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून प्रत्येक प्लगला करंट वाटणारा तुकडा) आणि एक कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी) ठेवा.

गाडी कशी बंद पडली ते आधी आठवा. चावी फिरवल्यासारखी एकदम गेली तर करंट. हबके खात, दम तोडत गेली तर बहुधा पेट्रोल. मे महिन्यात इंजिनवरच्या पेट्रोल पंपात (एसी पंपात) पेट्रोलची वाफ धरते. पंपावर ओलं फडकं टाकून गाडी सुरू झाली, तर इग्निशनला, म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेला, हात लावू नका.

करंटची शंका असेल तर लॅम्पची एक वायर बॉडीला अर्थ करा, दुसरी कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या डब्याच्या) स्विचकडच्या टोकाला लावा (जुन्या लुकास कॉइलवर तिथे एसडब्ल्यू लिहिलेलं असतं). चावी चालू करून लॅम्प लागला नाही, तर दोष चावीच्या स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये. लागला तर लॅम्प कॉइलच्या दुसऱ्या, सीबी टोकाला लावून सेल्फ मारायला सांगा. लुकलुकला तर पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला, कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) उघडझाप करताहेत. सतत पेटलेलाच राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा सीबीपासून पॉइंटपर्यंतची वायर तुटली आहे. पेटलाच नाही तर पॉइंट उघडत नाहीत, वायर कुठेतरी अर्थ होते आहे किंवा कॉइल आतून तुटली आहे.

लॅम्प लुकलुकतो, तरी गाडी घेत नाही? कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून काढा, इन्सुलेटेड पकडीने ब्लॉकपासून ६ मिमीवर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी, कडक हवी. पिवळट, मरगळलेली असेल तर आधी कंडेन्सर बदला. तो स्वस्त आहे आणि अनेकदा गरम झाल्यावरच दगा देतो. ठिणगी चांगली असेल तर कॅप काढून तीच वायर रोटरच्या मध्यावर धरा. तिथे कडक ठिणगी पडली तर रोटर आतून फुटला आहे, करंट शाफ्टमधून अर्थ होतो.

सगळ्यात जास्त चकवते ती डिस्ट्रिब्युटरमधली बोटभर वायर, टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत जाणारी. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्समुळे (इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ पुढेमागे करणाऱ्या यंत्रणेमुळे) पॉइंटची प्लेट सतत मागेपुढे सरकते, वायर तिच्यासोबत वाकते. वर्षानुवर्षं वाकून आतल्या तारा तुटतात, वरचं कव्हर मात्र धडधाकट दिसतं. अशी गाडी आयडलवर छान चालते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की झटके देते. इंजिन आयडलवर ठेवून व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरकडून काढा आणि तोंडाने ओढा. आरपीएम सरळ वाढायला हवेत. त्याऐवजी इंजिन अडखळलं, तर हीच वायर किंवा प्लेटची अर्थ वायर. दोन्ही बदला, पण नवी वायर मऊ, बारीक तारांचीच घ्या; घरातल्या फिटिंगची कडक वायर लवकरच तुटते.

कॉइल विकत घेताना प्रायमरीचा (एसडब्ल्यू आणि सीबी टोकांमधला) रेझिस्टन्स मोजा. बॅलास्ट (कॉइलचा करंट कमी करणारा जादा रेझिस्टर) नसलेल्या गाडीला सुमारे ३ ओहमची कॉइल लागते. दुकानात बॅलास्टवाली, दीड ओहमची मिळाली आणि ती तशीच लावली, तर करंट ४ अँपिअरऐवजी ८ च्या आसपास जातो. पॉइंट जळतात, कॉइल तापते आणि घाटातला दोष नव्या कॉइलसह परत येतो. कॉइल तापते म्हणूनच इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून रेडिओ ऐकू नये.

पॉइंट बदलले तर गॅप (उघड्या पॉइंटमधली फट) लुकास डिस्ट्रिब्युटरमध्ये ०.३५ ते ०.४० मिमी, पद्मिनी गाडीत ०.४५ च्या आसपास. गॅप बदलला की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) सरकतं, म्हणून आधी गॅप, मग टायमिंग.