फुतेन्माच्या कुंपणाबाहेर

टोकियोत राहणाऱ्या ताईकडे पंधरा दिवसांसाठी निघाले, तेव्हाच जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर जायचे हे मी पुण्यात ठरवले होते. नाहा विमानतळावर उतरलेले पर्यटक बहुधा समुद्रकिनाऱ्यांकडे वळतात. आम्ही दोघी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी बसने गिनोवान शहरातल्या काकाझु टेकडीवर गेलो. दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४५ मध्ये, या टेकडीसाठी अमेरिकी आणि जपानी सैन्यात घनघोर लढाई झाली होती. जपानी सैन्याचा एक काँक्रीटचा बंकर तिथे अजून उभा आहे आणि त्याच्या भिंतीवर गोळ्यांनी पडलेल्या एका खळग्यात माझे बोट पहिल्या पेरापर्यंत गेले.

माथ्यावरच्या मनोऱ्यातून अमेरिकी मरीन दलाचा फुतेन्मा तळ दिसतो. शहराच्या ऐन मध्यावर सुमारे २,७०० मीटरची धावपट्टी आहे, तिच्या कडेला हेलिकॉप्टरसारखी सरळ वर उडणारी ऑस्प्रे विमाने उभी आहेत आणि चहूबाजूंना कुंपणाला खेटून घरे आणि शाळा आहेत. शहराची जवळजवळ एक चतुर्थांश जमीन या कुंपणाच्या आत आहे. दुर्बीण घेऊन बसलेल्या एका आजोबांशी ताई जपानीत बोलू लागली. धावपट्टीपलीकडच्या झाडीकडे बोट दाखवून ते म्हणाले, की त्यांच्या गावची विहीर तिथे होती आणि पूर्वजांची थडगी अजूनही तिथेच आहेत. वसंतातल्या पूजेला जायचे, तर आधी परवानगी काढावी लागते. मला हे मराठीत सांगता सांगता ताई थांबली. “अगं, स्वतःच्या आजोबांच्या थडग्याला हात जोडायला दुसऱ्या देशाच्या सैन्याची परवानगी!”

हा तळ माळरानावर बांधला गेला आणि लोक नंतर त्याच्याभोवती येऊन राहिले, असा दावा जपानमध्ये आजही केला जातो. तो खोटा आहे. युद्धापूर्वी या जागेवर वस्त्या होत्या, गिनोवान गावाची कचेरी आणि शाळा होती, आणि दुतर्फा पाइन वृक्ष असलेला एक रस्ता होता, ज्याला १९३२ साली राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला होता. लढाईतून वाचलेले गावकरी छावण्यांमध्ये ठेवलेले असताना अमेरिकी सैन्याने ही जमीन घेतली, आणि ते परतले तेव्हा घरांच्या जागी धावपट्टी होती. व्यापलेल्या प्रदेशातली खासगी मालमत्ता जप्त करता येत नाही, असे १९०७ चा हेग करार स्पष्ट सांगतो. तरीही १९५० च्या दशकात इएजिमा बेटावर आणि इतरत्र आणखी जमिनी घेतल्या गेल्या. त्या काळाला तिथे ‘संगिनी आणि बुलडोझर’ असेच म्हणतात.

युद्धानंतरच्या परकीय लष्करी ताब्यातून १९५२ मध्ये जपान स्वतंत्र झाला, पण ओकिनावा अमेरिकेकडेच राहिला. १५ मे १९७२ रोजी तो जपानला परत मिळाला, मात्र तळ हलले नाहीत. ओकिनावा म्हणजे जपानचा सुमारे ०.६ टक्के भूभाग, पण जपानमधल्या केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरात असलेल्या लष्करी जागेपैकी सुमारे ७० टक्के जागा आज तिथे आहे. लष्करी ताबा कागदोपत्री संपला, पण ज्याची विहीर कुंपणाआड गेली त्याच्यासाठी तो १९७२ मध्येही संपला नाही आणि आजही संपलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तळांच्या बाजूने सांगितली जाणारी चीनची भीती खरी आहे, हे मला मान्य आहे. परंतु संरक्षण साऱ्या जपानचे आणि ओझे मात्र एकाच बेटसमूहाच्या डोक्यावर, याचे समर्थन त्या भीतीने होत नाही.

दुपारी साकिमा कला संग्रहालयात गेलो. साकिमा मिचिओ यांनी तळात अडकलेली आपली वडिलोपार्जित जमीन चिकाटीने परत मिळवली आणि १९९४ साली तिथे हे संग्रहालय उघडले. गच्चीवर जाणाऱ्या पायऱ्या आधी सहा आणि मग तेवीस आहेत. सहाव्या महिन्याची तेवीस तारीख, म्हणजे २३ जून, हा ओकिनावाच्या युद्धातील मृतांचा स्मृतिदिन. शेजारी कासवाच्या पाठीसारख्या छताचे जुने थडगे आहे. तळाचे कुंपण तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

१९९५ मध्ये तीन अमेरिकी सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला आणि सारे बेट पेटून उठले. त्यानंतर १९९६ मध्ये फुतेन्मा पाच ते सात वर्षांत परत करण्याचे जाहीर झाले, पण बदली तळ मिळाल्यावरच, या अटीवर. ती सात वर्षे कधीच उलटून गेली. डिसेंबर २०१७ मध्ये हेलिकॉप्टरची खिडकी शाळेच्या मैदानावर पडली, तेव्हा मुले तिथे खेळत होती. नंतर कित्येक महिने हेलिकॉप्टर जवळ आले की मुलांना तास सोडून आडोशाला पळावे लागे.

बदली तळासाठी ओकिनावाच्याच उत्तर भागातल्या हेनोको इथला समुद्र भरला जात आहे. फेब्रुवारी २०१९ च्या ओकिनावातल्या सार्वमतात मतदान केलेल्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक लोकांनी भराव नाकारला, तरी काम थांबले नाही. भरावाची माती दक्षिण ओकिनावातून आणण्याचा पर्यायही सरकारने पुढे मांडला, आणि त्या मातीत १९४५ च्या मृतांची हाडे अजून सापडतात.

तिसऱ्या दिवशी आम्ही हेनोकोच्या तळाच्या फाटकासमोर थांबलो. निषेधासाठी घडीच्या खुर्च्यांवर बसलेली माणसे बहुतेक सत्तरीपुढची होती. भरावाच्या ट्रकांची रांग आली, तसे पोलिसांनी या माणसांना एकेक करून उचलले आणि बाजूला नेले. एक आजी तेवढ्या वेळात वहीत ट्रक मोजत होत्या. जपानमध्ये मोजणी पाच रेघांच्या एका अक्षराने करतात आणि त्या अक्षराचा अर्थ ‘न्याय्य’ असा होतो, हे ताईने मला सांगितले. आजींचे पान त्या अक्षराने जवळजवळ भरले होते.