माऊची जीप आणि दादांच्या पंपाची बॅटरी

मागच्या दिवाळीत आमच्या लेकीला, माऊला, तिच्या मामानं लाल रंगाची बॅटरीवरची जीप आणली. आत बसून चालवायची असते ती, मागं दोन मोटरी, रिमोट, बोनेटवर लाईट, गाणे वाजवणारं स्टिअरिंग, सगळा थाट. पंधरा दिवस गल्लीभर मिरवली आणि मग जी ओसरीत उभी राहिली ती पार गुढीपाडव्यापर्यंत, कारण चार्जिंगला लावायचं कुणाच्या ध्यानातच नाही. जीपमधली लेड अ‍ॅसिड बॅटरी चार्ज उतरल्यावर तशीच ठेवली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि तो घट्ट झाला की मग काही केल्या निघत नाही. लोक म्हणतात लेकरानं चालवून चालवून बॅटरी खलास केली, आमच्यात मात्र ती न चालवून मेली.

मी वाळूजला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, पॅनल, स्टार्टर, सेन्सर हेच दिवसभर. बायको गावाकडंच झेडपीच्या शाळेवर, म्हणून माऊ पण आजी-आबाजवळ, आणि मी सुट्टी मिळाली की गाडी धरून सेलूला उतरतो. तर पाडव्याला आलो तेव्हा माऊ जीपमध्ये बसून पायानं ढकलत होती. पॅडल दाबलं की जीप एक हिसका द्यायची, हूं करायची, आणि गप.

मीटर लावला. नुसती उभी असताना १२.४ व्होल्ट. बायको म्हणली, अहो बारा दाखवायलंय की, मग चालंना कशी? माऊला बसवलं, पॅडल दाबायला सांगितलं, मीटर ८.९ वर आला. आता हे समजावून सांगायला आमच्याकडं वेगळं उदाहरण लागत नाही, रात्री लाईट आली की सगळ्या गावाच्या मोटरी एकदमच सुरू होतात, डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड येतो, घरातला बल्ब पिवळा पडतो आणि विहिरीवरची मोटर नुसती घुमत बसते, पाणी काही येत नाही. जीपचं तेच. लोड नसताना मीटर काय दाखवतो त्याला अर्थच नाही, बॅटरी बघायची ती लोडवर. मेलेल्या बॅटरीचा आतला रेझिस्टन्स वाढलेला असतो, करंट मागितला की व्होल्ट आतल्या आतच गायब.

मूळची बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअरअवर. आता हे ७ अँपिअरअवर वाचून लोक हिशोब लावतात की सात अँपिअर घेतले तर एक तास चालंल. तसं नसतं, तो आकडा वीस तासांच्या हिशोबानं छापलेला असतो, म्हणजे ०.३५ अँपिअर घेतले तर वीस तास. दहा-बारा अँपिअर ओढायला लागलात तर तीच बॅटरी अर्ध्या तासाच्या आतच हात टेकते.

नवीन बॅटरी आणायला सेलूला जायचं होतं, ऊन असं की बाहेर पडू वाटंना, आणि नजर गेली कोपऱ्यातल्या दादांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, फवारणीच्या पंपावर. बॅटरीवाला पाठीवरचा पंप. खोलून बघितलं तर १२ व्होल्ट ८ अँपिअरअवर, आणि गंमत म्हणजे मापही तेच, जीपच्या खाचेत अशी बसली जणू तिच्याचसाठी केली होती. माऊ खूश, मी खूश, सुट्टी संपली, मी वाळूजला परत. बॅटरी पंपात परत टाकायचं मात्र पार विसरलो. पुढं दोन-तीन वेळा गावाकडं येऊन गेलो तरी आठवलं नाही, उन्हाळ्यात फवारणी नसते त्यामुळं दादांनाही कळलं नाही.

कळलं ते जुलैमध्ये. सोयाबीनवर अळी दिसायला लागली, माणूस सांगून ठेवलेला, औषध कालवलेलं, दादांनी पंप पाठीवर घेतला, बटन दाबलं तर काहीच नाही. झाकण काढलं तर आत मोकळी जागा. सकाळी सात वाजता मला फोन. "मपल्या पंपाची बॅटरी कुठंय रे?" मी म्हणलं, दादा, जीपमध्ये असंल. तिकडं दोन मिनिटं काहीच आवाज नाही, मग म्हणले, "तू इंजिनिअर हाईस का चोर?" जीपमधली बॅटरी काढून बघितली तर ती माऊनं आदल्या दिवशी पूर्ण उतरवलेली. त्या दिवशी फवारणी शेजाऱ्याचा पंप मागून झाली आणि त्याचं ऐकून घेणं अजून चालू आहे.

त्याच आठवड्यात मी कृषी सेवा केंद्रातून नवीन ८ अँपिअरअवरची आणली, जीपची वेगळी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा पण विचार केला होता, वजनाला निम्म्याहून कमी, व्होल्ट शेवटपर्यंत टिकून राहतात, पण किंमत जास्त, आत बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारा बोर्ड, चांगला पाहिजे, चार्जर त्याचाच पाहिजे, आणि गावात काही झालं तर मिळणार कुठं. पंपाची बॅटरी मात्र प्रत्येक तालुक्याला खताच्या दुकानात मिळती. खेळण्यातल्या चार्जरला ऑटोकट (बॅटरी भरली की आपोआप बंद) असेलच असं धरू नका हे मात्र सांगतो, रात्रभर लावून ठेवलेल्या बॅटऱ्या फुगलेल्या मी बघितल्यात.

नवीन बॅटरी टाकूनही जीप अंगणातून रस्त्यावर जाणारा चढ चढंना. परत मीटर. बॅटरीच्या टोकाला लोडवर ११.९, मोटरीच्या टोकाला १०.३. मधले दीड व्होल्ट गेले कुठं? वायर सोलून बघितली तर आत केसासारख्या चार तारा, अर्धा स्क्वेअर एमएमची असंल नसंल. ती बॅटरीपासून पॅडलला, तिथून मागं-पुढंच्या बटनाला, तिथून मोटरीला, जाऊन-येऊन तीन मीटर. अर्ध्या स्क्वेअरच्या तांब्याला मीटरमागं ०.०३५ ओहम धरा, तीन मीटरचे ०.१ झाले, दोन्ही मोटरींचे मिळून १२ अँपिअर, म्हणजे सव्वा व्होल्ट नुसता वायरीत, बाकीचा बटनाच्या कॉन्टॅक्टमध्ये. अडीच स्क्वेअरची वायर टाकली की तोच ड्रॉप पाव व्होल्टवर येतो. घरात लाईट फिटिंगची उरलेली वायर पडलीच होती, पण ती कडक असल्यामुळं मी मऊ बारीक तारांची घेतली, जीपमध्ये हादरे बसतात, कडक वायर सोल्डरच्या डागापाशीच तुटते.

चढ चढायला लागली. मग पुढचं दुखणं, पाऊस पडला आणि अंगणातल्या काळ्या मातीत प्लॅस्टिकची चाकं जागेवरच फिरायला लागली. यावर इलाज एकदम सोपा वाटला, मोटरसायकलची जुनी ट्यूब कापली, मागच्या दोन्ही चाकांवर ताणून चढवली, कडेनं बारीक स्क्रू मारले. पकड अशी आली की माऊ शेजारच्या दोन लेकरांना बसवून चिखलातून गेली. मी ओसरीत बसून चहा पीत बघत होतो आणि मनात म्हणत होतो की राव आपण लई हुशार.

दोन दिवसांनी फोनवर माऊ, "पप्पा, जीप कटकट करायलीय."

गिअरबॉक्स खोलला तर मोटरीच्या लोखंडी दातावर बसणाऱ्या पहिल्या नायलॉनच्या चाकाचे तीन दात साफ. आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पॅडल म्हणजे नुसतं चालू-बंद बटन, दाबलं की मोटरीला पूर्ण १२ व्होल्ट एका दणक्यात. उभ्या मोटरीला सुरुवातीला वायंडिंगचा रेझिस्टन्स सोडून काही आडवं नसतं, बॅटरी आणि वायर देतील तेवढा करंट ती ओढते. आधी काय व्हायचं, बॅटरी मेलेली, वायर बारीक, चाकं घसरायची. ह्या तिन्ही गोष्टींना मी दोष समजत होतो आणि त्याच तिघी मिळून गिअर सांभाळत होत्या. दणका बसला की चाक घसरायचं, दात वाचायचे. मी चांगली बॅटरी टाकली, जाड वायर टाकली, चाकाला रबर लावलं, आता दणका जाणार कुठं, जे सगळ्यात कमजोर तिथंच.

नेमकं ह्याच वेळी माझा मेहुणा (जीपवाला मामाच) म्हणला, दाजी दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडा, २४ व्होल्ट करा, व्हिडिओत बघितलंय, पळते नुसती. पळंल की. स्पीड दुप्पट होईल, पण चाक अडकलं तर करंटही दुप्पट आणि मोटरीतली उष्णता चौपट, आणि गिअर तेच नायलॉनचे. परत त्या जीपला ब्रेक असा काही नाहीच, पॅडल सोडलं की बोर्ड मोटरीची दोन टोकं शॉर्ट करतो आणि त्यानं ती थांबते, तेवढंच. चार वर्षांच्या लेकराला दुप्पट स्पीड देऊन कुठं पाठवायचंय? तिला चढ चढायचाय, शर्यत नाही लावायची.

तर पाहिजे होतं ते हळू उचलणं. कंपनीत मोठ्या मोटरींना सॉफ्ट स्टार्टर असतो तसं. पहिल्यांदा स्वस्तातला आळस केला, ऑनलाईन एक पीडब्ल्यूएमचा (करंट झटपट चालू-बंद करून मोटरीचा जोर कमी-जास्त करणारा) बोर्ड मागवला, गोल बटन फिरवून स्पीड कमी-जास्त करायचा, वर ६० अँपिअर लिहिलेलं. त्याच्यावरच्या ट्रॅकची जाडी बघूनच शंका यायला पाहिजे होती. माऊऐवजी जीपमध्ये सरकी पेंडीचं अर्धं पोतं ठेवलं, पॅडल दोरीनं बांधून टाकलं, चाकापुढं मुद्दाम दगड ठेवला आणि बटन फिरवत गेलो. जीप दगडाला अडून कण्हत होती. अचानक जळका वास आला, मी बटन शून्यावर आणलं, आणि जीप दगडावरून उडी मारून फुल स्पीडमध्ये सुटली. पेंडीचं पोतं घेऊन सरळ कडब्याच्या गंजीत. मागं मी, माझ्या मागं कुत्रं, आणि ओसरीत माय कपाळाला हात लावून.

बोर्डावरचा मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, जळतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन जळतो, उघडा पडत नाही. म्हणजे कंट्रोलर मेला की गाडी थांबत नाही, उलटी पूर्ण दमानं पळते. हे मला पुस्तकी माहीत होतं, पण गंजीतून जीप ओढून काढताना ते खरं कळलं. जागेवर माऊ असती तर, हा विचार त्या रात्री झोपू देईना. दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानातून ३० अँपिअरचा ब्लेड फ्यूज आणला आणि बॅटरीच्या प्लस टोकाला अगदी लागून बसवला, आणि ट्रॅक्टरला असते तसली फिरवायची कट-ऑफ चावी जीपच्या मागच्या बाजूला, बाहेरून, उभ्या माणसाचा हात पोचंल अशी. तिला लाल फीत बांधली. मायला शिकवलं, काही वेगळं वाटलं की चावी फिरव, बाकी काही बघत बसू नको.

मग नीट काम केलं. आर्डुइनो नॅनो एक (प्रोग्राम टाकता येणारा बारका बोर्ड), बीटीएस ७९६० चे ड्रायव्हर दोन (मोटरीला करंट देणारे बोर्ड), प्रत्येक मोटरीला वेगळा. जुना बोर्ड काढून फेकला नाही, कारण रिमोट त्याच्यावरच चालतो आणि रिमोटवरून थांबवता येणं बायकोला पाहिजेच होतं. स्टार्टरमध्ये कसं, बटन छोटं, त्यातून जाणारा करंट छोटा, आणि मोठा करंट कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा रिले, वाहतो, तसंच केलं. जुन्या बोर्डाच्या मोटरीकडं जाणाऱ्या दोन वायरी रेझिस्टर लावून व्होल्ट कमी करून नॅनोला दिल्या. जुन्यानं फक्त हुकूम द्यायचा, पुढं का मागं का थांब, ओझं नव्यानं वाहायचं. ३० किलोओहम आणि १० किलोओहमची जोडी लावली की १४ व्होल्टचे साडेतीन होतात, नॅनो खूश. तशीच एक जोडी बॅटरीवर, लोडवर १०.५ च्या खाली गेलं की प्रोग्राम मोटर बंद करतो, म्हणजे पुन्हा पाडव्याची गोष्ट नको.

प्रोग्राम म्हणजे काय, तीस-चाळीस ओळी. पॅडल दाबलं की शून्यापासून २५५ पर्यंत, म्हणजे पूर्ण दमापर्यंत, दीड सेकंदात चढवायचं. सोडलं की अर्ध्या सेकंदात उतरवायचं, एकदम नाही, कारण दणक्यानं थांबवलं तरी दातच तुटतात. पुढं जाताना मागंचं बटन दाबलं तर आधी पूर्ण थांबायचं, मग उलटं. लेकरं हे बटन कसं दाबतात ते तुम्हाला माहीतच असंल, खुळखुळा वाजवल्यासारखं. पावसाच्या दिवसात वरचा आकडा २०० वर ठेवतो.

एक राहिलं, नॅनोचं नेहमीचं पीडब्ल्यूएम ४९० हर्ट्झच्या आसपास चालतं, ते कानाला ऐकू येतं, त्यामुळं जीप उचलताना मोटरीतून बारीक सूर निघतो. टायमर बदलून तो घालवायला बसलो होतो तर माऊ म्हणली, राहू द्या पप्पा, जीप गाणं म्हणायलीय. राहू दिलं.

पोळ्याला आलो तेव्हा बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंग जीपच्या बोनेटवर होता, आरशांना गोंडे, आणि समोर घुंगुरमाळ. बैल तोरणाखालून जाऊन आल्यावर मायनं बैलांना ओवाळलं आणि माऊ हट्टाला पेटली म्हणून जीपला पण ओवाळलं, पुरणपोळीचा घास बोनेटवर ठेवला, तो कुत्र्यानं खाल्ला. मग चढावरून जीप गेली, हळूच उचलून, गाणं म्हणत, दोन लेकरं घेऊन. दादा खाटेवर बसून बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग घरात गेले आणि पंप घेऊन बाहेर आले, माझ्यापुढं ठेवला.

"तिची जीप झाली, आता मपला पंप बघ. अर्ध्या टाकीलाच दम सोडायलाय."

मीटर लावला. पंपाच्या स्पीडच्या बटनात आणि त्या बारक्या वायरीत मिळून १.४ व्होल्ट पडायलेत.