तिसरी सुरी झाली, म्यान अजून ओलं आहे

रविवारी रात्री मूठ घासून झाली आणि जुन्या कानशीपासून केलेली माझी तिसरी सुरी हातात आली. पातं साडेपाच इंच, पाठ जेमतेम तीन मिलिमीटर. नमुना रॉकी पर्वतांत बीव्हर हा लवदार प्राणी पकडत हिंडणाऱ्या अमेरिकन शिकाऱ्यांचा, साधारण १८२५ ते १८४० या काळातला. त्या काळची सुरी म्हटलं की सगळ्यांना बोवी ही भलीमोठी अमेरिकन सुरी आठवते, पण या लोकांच्या कमरेला बहुतेक वेळा इंग्लंडमधल्या शेफील्डहून आलेली साधी, स्वस्त, खाटकाच्या सुरीसारखी सुरी असे. जॉन रसेलने ग्रीनफील्ड, मॅसॅच्युसेट्स इथे कारखाना काढला तो १८३४ मध्ये. 'ग्रीन रिव्हर' हा छाप त्याच कारखान्याचा. मला या सुऱ्यांचा साधेपणाच भावतो. त्यांच्यावर एकही रेघ उगाच मारलेली नसते.

तेव्हाच्या अमेरिकन सरहद्दीवरचे लोहारही झिजलेल्या कानशींच्या सुऱ्या करत, म्हणून मीही कानसच धरून बसलोय. आधी लाल करून रात्रभर राखेत पुरली, तेव्हा कुठे ती घासण्याजोगी मऊ झाली. तापलेलं पातं बुडवून कडक करण्याला आपण 'पाणी देणं' म्हणतो, पण कानशीच्या पोलादात कार्बन फार, आणि पातळ पात्याला पाणी सोसत नाही. दुसरी सुरी मी पाण्यात बुडवली आणि 'टिंग' असा बारीक आवाज आला. धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी चीर! या वेळी कोमट केलेलं तेल घेतलं. चुंबक चिकटेनासा झाल्यावर आणखी थोडा रंग चढू दिला आणि टोक खाली करून सरळ बुडवलं. मग ठिसूळपणा कमी करायला ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसवर दोन-दोन तास, दोनदा. पात्यावर गव्हाळ रंग आला तेव्हा जीव भांड्यात पडला.

मूळ सुऱ्यांना बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ असे. मी बाभूळ लावली, पितळेच्या तीन खिळ्यांनी.

आता म्यान. खरं सांगायचं तर सुरीपेक्षा जास्त वेळ मी यालाच दिला. पहिल्या सुरीच्या म्यानात मी धारेच्या बाजूला मधली पट्टी घातली नव्हती. दोन महिन्यांत धारेने दोरा कापला. आता दोन थरांच्या मध्ये कातड्याचीच पट्टी आहे, म्हणजे धार पट्टीवर टेकते, शिवणीवर नाही. कातडं तीन मिलिमीटरचं, झाडाच्या सालीने कमावलेलं. आरीने भोकं पाडली आणि मेण लावलेला लिननचा दोरा दोन सुयांनी, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी ओढला. एक दोरा तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो.

जुन्या म्यानांपैकी पुष्कळांना पट्ट्यात ओवायचा फासाच नसे. म्यान खोल, निम्म्याहून जास्त मूठ आत, आणि ते सरळ कमरपट्ट्यात खोचायचं. म्हणजे सुरी धरून ठेवायची ती केवळ कातड्याने. म्हणून कातडं पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवलं, सुरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत सरकवली आणि मुठीच्या वळणावर अंगठ्याने दाबत बसलो. मुठीचा फुगवटा बाहेरून दिसायला लागला तो क्षण फार सुंदर होता.

रंगासाठी लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये दहा दिवस मुरवून ठेवलाय. सालीतल्या टॅनिनशी, म्हणजे तुरट द्रव्याशी, लोखंड भिडलं की कातडं स्वतःच काळं पडतं, वर रंग बसवावा लागत नाही. कलमकारीतला काळा रंगही हिरडा आणि लोखंडाचाच. सालीऐवजी क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या कातड्यावर मात्र हे चालणार नाही.

पावसाळ्यात सुरी म्यानात ठेवू नका, हे कळकळीने सांगतो. सालीचं कातडं दमट हवा धरून ठेवतं. माझ्या पहिल्या पात्यावर महिन्याभरात गंजाचे खड्डे पडले, ते अजून निघालेले नाहीत. म्यान वापरायला, सुरी ठेवायची ती तेलाचं बोट फिरवून, कापडात.

म्यान सावलीत टांगलंय, टोकाकडे अजून गार लागतंय. सुकलं की आधी काळा रंग, मग गरम मेण. त्यानंतर सुरी आत घालून म्यान उलटं धरायचं. सुरी पडली नाही, तरच कमरेला.