‘महाकाल’मध्ये हरवलेले भय

दिग्दर्शक श्याम आणि तुलसी रामसे यांचा १९९४ सालचा ‘महाकाल’ हा हिंदी भयपट पाहून मला मनापासून वाईट वाटले. वेस क्रेव्हन यांच्या १९८४ सालच्या ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ या अमेरिकी भयपटातला, स्वप्नात शिरून पोलादी नखांनी मारणारा खुनी रामसेंनी बालबळी देणारा मांत्रिक म्हणून उभा केला, आणि ही कल्पना आपल्याकडे सहज रुजली असती. पैसा तुटपुंजा होता, ही माझी तक्रार नाही. धूर आणि रंगीत प्रकाश एवढ्यावरही भय निर्माण करता येते. मात्र झोप लागली की मृत्यू, हा धाक मनात मुरण्याआधीच एखादे गाणे किंवा जॉनी लिव्हर यांचा विनोदी प्रसंग मध्ये येतो, त्यामुळे अर्चना पूरण सिंग यांची नायिका संकटात सापडते तेव्हाही तिच्यासाठी जीव कासावीस होत नाही.